स्वभावाचे मूळ



‘स्वभावाला औषध नाही’ असे आपल्याकडे म्हणतात. औषध नसेल, पण स्वभावाचे मूळ शरीरात आहे काय? या प्रश्नाचा आयुष्यभर पाठपुरावा करणारे मानसशास्त्रज्ञ म्हणजे प्रा. हान्स आयझेंक. १९१६ साली बर्लिनमध्ये त्यांचा जन्म झाला. नाझी राजवटीत, १९३४ साली, त्यांनी मायदेश सोडला आणि १९५५ साली लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयाशी संलग्न असलेल्या मनोविकारविज्ञान संस्थेत ते प्राध्यापक झाले.

प्राचीन वैद्य गॅलेन याने देहरसांवरून माणसांच्या चार प्रकृती सांगितल्या होत्या. आपल्या वात-पित्त-कफाची येथे आठवण व्हावी. आयझेंक यांनी त्या चार प्रकृती अंतर्मुख-बहिर्मुख आणि स्थिर-अस्थिर अशा दोन अक्षांवर मांडल्या. मात्र कारण शोधले ते देहरसांत नव्हे, मेंदूत. १९६७ सालच्या ग्रंथात त्यांनी प्रतिपादन केले, की अंतर्मुख माणसाचा मेंदू मुळातच अधिक जागृत असतो. म्हणून गोंगाट त्याला लवकर असह्य होतो. बहिर्मुख माणूस मात्र उत्तेजनेच्या शोधात हिंडतो. जिभेवर लिंबाच्या रसाचे चार थेंब टाकून लाळ मोजली, तेव्हा ती अंतर्मुखांना अधिक सुटली, असे त्यांना आढळले.

वर्गात गप्प बसणाऱ्या मुलाला आपण सहज ‘मंद’ ठरवतो. आयझेंक यांच्या विचाराने या सवयीला धक्का दिला, हे त्यांचे मोठे ऋण होय.

पुढील संशोधनाने हे चित्र इतके सरळ नसल्याचे दाखवले. जुळ्यांच्या अभ्यासांवरून व्यक्तिमत्त्वातील भेदांचा सुमारे ४० ते ५० टक्के भाग आनुवंशिक मानला जातो. पण हे प्रमाण समूहातील भेदांचे आहे. त्यावरून कोणा एकाची कुंडली मांडता येत नाही.

ही मर्यादा खुद्द आयझेंक यांनी पाळली नाही. कर्करोग धूम्रपानापेक्षा विशिष्ट स्वभावामुळे अधिक होतो, असे निष्कर्ष त्यांनी एका सहकाऱ्यासह प्रसिद्ध केले. तंबाखू उद्योगाचा पैसाही त्यांनी घेतला होता. १९९७ साली ते निवर्तले. २०१९ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या चौकशीत असे २६ लेख अविश्वसनीय ठरले. स्वभावाचे मूळ शोधणे निराळे आणि स्वभावावरून माणसाचे भवितव्य वर्तवणे निराळे, हाच याचा बोध.

या वाचनालयात अबोल वाचकाला शांत कोपरा मिळतो आणि बोलक्याला व्यासपीठ. दोघांचीही सोय पुढील शतकात अशीच राहावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.