स्वप्न, वारे आणि कारखाना



मजुरांत काम करणाऱ्या माणसाने पगार आणि बोनस यांवर बोलावे. स्वप्ने आणि अंगात येणे या विषयावर बोलण्याचा त्याला काय अधिकार, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. माझे शिक्षण बेताचे, वाचले ते रात्री दिव्याखाली. पण हा विषय माझ्याकडे कारखान्याच्या दारातूनच आला. तो कसा, हे पुढे सांगतो.

आरंभ आपल्याच तालुक्यातून करू. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात मायादेवीचे स्वप्न चितारले आहे. पांढरा हत्ती आपल्या कुशीत शिरला असे राणीने पाहिले, आणि मग राजाने जाणत्या ब्राह्मणांना बोलावून त्याचा अर्थ विचारला. पाहुणे हत्तीची गोष्ट ऐकतात आणि पुढे सरकतात. मला त्या अर्थ विचारण्याचे अधिक महत्त्व वाटते. स्वप्न एकटे माणूस पाहते. त्याचे काय करायचे ते चार माणसे मिळून ठरवितात. इंग्रज पंडित टायलर याने १८७१ साली असे मांडले की, आत्म्याची कल्पनाच माणसाला स्वप्नांवरून सुचली असावी. असेलही. पण आदिमानवाला काय सुचले हे आता विचारायचे कोणाला? त्यापेक्षा, समाजात स्वप्न कोणते काम करते हा पुढच्या अभ्यासकांचा प्रश्न मला जवळचा वाटतो.

त्याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात सापडते. वेरूळजवळच्या देवगावी १६२८ च्या सुमारास बहिणाबाई जन्मल्या. ब्राह्मणाची मुलगी, बालपणीच लग्न झालेले, नवरा तापट आणि मारकुटा. पुढे कोल्हापुरास असताना तिचे लाडके वासरू मेले. ती कित्येक दिवस शुद्धीवर नव्हती, आणि त्या अवस्थेत तुकोबांनी स्वप्नात येऊन तिला गुरूपदेश केला. जागेपणी तिने कुणब्याला गुरू करतो म्हटले असते तर घरात काय झाले असते? स्वप्न सांगितल्यावरही नवरा भडकलाच. पण स्वप्न काही तिने मागितलेले नव्हते, मग तिला दोष कसा द्यावा? खुद्द तुकोबांनाही गुरूपदेश स्वप्नातच झाला होता. बहिणाबाईंनी ढोंग केले असे मी मुळीच म्हणत नाही. ज्याला अधिकार नाही त्याला स्वप्न अधिकार देते, एवढेच म्हणतो.

एरिका बूर्गिन्यों या विदुषीने जगातील ४८८ समाजांची माहिती तपासली. त्यांतील ४३७ समाजांत भान हरपण्याचा काही ना काही रूढ, मान्य प्रकार आढळला. म्हणजे शंभरांत नव्वद. तेव्हा जेजुरीला किंवा तुळजापूरला कोणाला वारे आले की ‘आमचेच लोक अडाणी’ म्हणून कपाळाला हात लावण्याचे कारण नाही. व्हिएडा स्कल्टन्स यांनी महाराष्ट्रातील एका महानुभाव मंदिराचा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध केला. तेथे वेड लागलेला घरातला पुरुष असे, पण झटके घेत घुमे त्याची बायको किंवा आई. घरावरचे संकट तिने स्वतःच्या अंगावर ओढून घ्यायचे! घरचे पाणी जिने भरायचे, तिनेच दुखणेही वाहायचे.

आता कारखाना. १९७८ साली मलेशियात एका अमेरिकन मालकीच्या कारखान्यात सूक्ष्मदर्शकातून बारीक जोडकाम करणाऱ्या सुमारे १२० मुलींना एकाच वेळी भुतांनी झपाटले. कारखाना तीन दिवस बंद. मांत्रिक आणून बोकड कापला. आयव्हा ओंग या बाईंनी १९८७ साली त्यावर पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे की, खेड्यातून आलेल्या मुलींना यंत्राचा वेग आणि पुरुष देखरेखदारांचा जाच सोसवेना, आणि जे तोंडाने बोलता येत नव्हते ते शरीर बोलले. तो संप नव्हता. कोणी मागणी लिहिली नव्हती. व्यवस्थापनाने मुलींच्या डोक्यात दोष शोधला, यंत्राच्या वेगात नाही.

हे वाचले तेव्हा मला झोप लागली नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी एका जिनिंगात असेच घडले होते. हंगामात बाया बारा-बारा तास कापूस ओढत. सगळीकडे फूस उडे, श्वास कोंडे. एका बाईच्या अंगात देवी येऊ लागली. मुकादमाने देवऋषी आणला, लिंबू कापले. मी दुसऱ्या दिवशी दारापाशी उभा राहून अंधश्रद्धेवर जोरदार भाषण ठोकले. कायदा होता २०१३ साली, दाभोलकरांच्या खुनानंतर. मी तेव्हा कायद्याविनाच आवेशात होतो. भोंदू देवऋषीविरुद्ध तो कायदा हवाच, यात मला आजही शंका नाही. पण त्या दिवशी मी देवऋषीला सोडून बाईलाच झोडपले. बाया हसल्या. ती कामावर यायची बंद झाली.

मग इतर बायांशी बोलताना एकजण सहज म्हणाली, “दादा, तिच्या अंगात आलं का मशीन बंद करत. तेवढ्यात आम्ही पाणी पिऊन घेत होतो.”

दिवसभरात यंत्र थांबण्याची तेवढीच वेळ होती, आणि संघटनेचा कार्यकर्ता असून ती मला ठाऊक नव्हती. मी तिच्या घरी गेलो, माफी मागितली. तिने चहा केला. देवीबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. उठताना तिने विचारले, “आता पाण्याला सुट्टी देतात का, दादा?”

देत नव्हते. पाण्याची सुट्टी ही आमची पहिली लेखी मागणी त्यानंतरच्या हंगामात गेली.