काचेतून पुन्हा पाण्यात

(रौप्यमहोत्सवी वर्षातील ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसांनी मला ‘बँकेतले अनुभव’ हा विषय दिला होता. ते ऐकून ए विंगमधली पोरंसुद्धा कंटाळली असतील. म्हणून आज एका होडीची गोष्ट सांगतो. होडी आपल्या मुंबईत जन्मलेली आहे, नाव ‘सुहेली’.

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा तरुण ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटींवर अधिकारी होता. त्याने कुलाब्याला ही शिडाची होडी बांधून घेतली. लांबी साधारण 32 फूट, सगळं काम सागवानी. शर्यतीची नव्हे, घरच्यांनी मिळून दूरवर भटकावं अशा बेताची. आपल्या इथल्या सुतारांनी ती वाकसाने तासून, दोरीच्या धनुकलीने भोकं पाडून उभी केली. डिसेंबर 1964 मध्ये ती पाण्यात उतरली. आखातात वाहणाऱ्या आग्नेय वाऱ्याला अरब खलाशी जे नाव देतात, तेच हिला दिलं. पुढे रॉबिन आणि त्याचा भाऊ, एका मित्राला घेऊन, तिच्यातून इंग्लंडला गेले.

1968 साली एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायची शर्यत जाहीर झाली. रॉबिनला नवी होडी हवी होती, म्हणून त्याने ‘सुहेली’ विकायला काढली. गिऱ्हाईक मिळेना, नव्या होडीला पैसे द्यायलाही कोणी पुढे येईना. (मी कर्ज खात्यात असतो तर मीही कागद परत पाठवले असते. तारण काय, तर समुद्रात जाणारं लाकूड!) शेवटी हीच होडी घेऊन तो 14 जूनला फालमथहून निघाला. वाटेत फळ्यांच्या सांध्यांतून पाणी येऊ लागलं, तेव्हा त्याने भर समुद्रात बुडी मारून सांध्यांत कापूस ठासला आणि वरून तांब्याची पट्टी ठोकली. नऊ जण निघाले होते. 312 दिवसांनी, 22 एप्रिल 1969 ला, परत आला तो हा एकटाच. बक्षिसाचे पाच हजार पौंड त्याने त्याच शर्यतीत जीव गमावलेल्या एका स्पर्धकाच्या कुटुंबाला दिले. एवढं बहुतेक पुस्तकांत सापडतं. मला सांगायचंय ते त्यापुढचं.

पुढे वीस-बावीस वर्षं ‘सुहेली’ फिरतच होती. 1989 मध्ये जुन्या काळचं ताऱ्यांची उंची मोजायचं यंत्र वापरून रॉबिन तिच्यातून अटलांटिक ओलांडून गेला. परतताना वादळात डोलकाठी मोडली. ती नीट करून 1991 मध्ये गिर्यारोहक ख्रिस बॉनिंग्टनना घेऊन ग्रीनलंडला गेला. मग 1997 मध्ये तिला मान मिळाला. ग्रीनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात तिची स्थापना झाली. डोक्यावर छप्पर, हवा नियंत्रित, धूळ नाही, पाऊस नाही. आपल्याला वाटेल, चला, म्हातारीची सोय झाली!

पण झालं उलटंच. कोरड्या हवेत फळ्या आक्रसू लागल्या. गावाकडची मंडळी इथे बसलीत, त्यांना सांगायला नको. उन्हाळ्यात बैलगाडीचं चाक वाळलं की लोखंडी धाव सैल होते, मग ते चाक ओढ्यात भिजत घालतात. लाकूड फुगतं, धाव घट्ट बसते. लाकडी होडीचंही तसंच, पाण्यात असते तोवर सांधे आपोआप मिटलेले राहतात. दक्षिण महासागराने जे केलं नाही, ते त्या सुखरूप हॉलने करायला घेतलं होतं. 2002 मध्ये रॉबिनने होडी तिथून बाहेर काढली.

मग दुरुस्ती. आपल्या इमारतीच्या स्ट्रक्चरल ऑडिटला ‘अजून उभी आहे ना!’ म्हणणाऱ्यांनी हे जरा लक्ष देऊन ऐकावं. जुन्या होडीला बाहेरून रंग मारून भागत नाही. फळ्या तासाशी धरणारे खिळे-बोल्ट आतून गंजतात, आणि गंज वरून दिसत नाही. ते एकेक उपसून बघायचे, खराब ते बदलायचे, सांधे खरवडून पुन्हा भरायचे, डोलकाठीच्या तारा ताणून तपासायच्या. पहिल्या दुरुस्तीनंतर ‘सुहेली’ पुन्हा समुद्रावर गेली, आणि पुढे सत्तरी ओलांडल्यावर सर रॉबिन यांनी तिचं मोठं काम पुन्हा हाती घेतलं. स्वतः हत्यारं घेऊन. हिशेबाच्या दृष्टीने हा वेडेपणाच. घसारा धरला तर होडीची पुस्तकी किंमत कधीच शून्य झालेली, आणि एवढ्या खर्चात नवी फायबरची होडी आली असती. पण पस्तीस वर्षं ताळेबंद बघून माझं मत झालंय की काही वस्तू त्या रकान्यात बसत नाहीत.

आणि होडी दुरुस्त झाली म्हणजे लगेच दूर निघता येत नाही, बरं का. कोरडं लाकूड पाण्यात उतरवलं की आधी गळतंच. पंप चालू ठेवून फळ्या फुगायची वाट बघावी लागते. नंतर किनाऱ्याजवळ लहान फेऱ्या. नवा दोर ताण घेतल्यावर लांबतो, तो पुन्हा आवळायचा. माणसाचंही अंग विसरलेलं असतं. हलत्या डेकवर पाऊल कुठे टाकायचं, झुळूक फिरली की कुठला दोर आधी सोडायचा, हे हातापायांना पुन्हा शिकवावं लागतं. आपल्यातल्या काहींना मुलांनी ‘आता जिना नको, पडाल’ म्हणून घरात बसवलंय. गुडघ्यांचं काय होतं ते डॉक्टर सांगतील, मी फळ्यांचं सांगितलं.

जून 2018 मध्ये त्या शर्यतीला पन्नास वर्षं झाली, तेव्हा फालमथच्या खाडीत शिडं उभारून ‘सुहेली’ हजर होती. होडीचं वय 53, त्यांचं 79. फळ्या कुलाब्यात बसवलेल्या.

चहा आलाय, थांबतो.