दगडाची वयं

विहीर खणणाऱ्याला आणि कबर खणणाऱ्याला जमीन जशी कळते, तशी आम्हा कवींना कळत नाही. वर काळी माती, मग पिवळट मुरूम, त्याखाली भेगाळलेला खडक आणि तळाशी काळा पाषाण, हा क्रम मला कळला तो आमच्या गावच्या कब्रस्तानात कुदळ चालवणाऱ्या चाचांकडून. मुरूम लवकर लागला की ते म्हणायचे, ‘आज दुपार होणार.’

हे चारही थर म्हणजे एकाच दगडाची वयं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला आणि थिजून त्याचा बेसाल्ट झाला. थिजताना तो आकसला, भेगा पडल्या. त्या भेगांतून पाणी शिरतं. हवेतला, मातीतला कार्बन डायऑक्साइड विरघळून ते किंचित आंबट झालेलं असतं. दगडाचा कोपरा त्याला तिन्ही बाजूंनी सापडतो, म्हणून कोपरे आधी झिजतात. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथं पाहा: कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोल धोंडे, आत अजून टणक गाभा. पापुद्र्यांचा भुगा तो मुरूम. त्यात मुळं, मुंग्या, सडका पाला शिरला की माती. बोटभर थराला शेकडो वर्षं लागतात.

दगड एकच, पण पाऊस निराळा. देशावर बेताच्या पावसात चुना, मॅग्नेशियम बरंचसं जागेवरच राहतं आणि फुगणारी चिकणमाती तयार होते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. (काळ्या रानातली कबर पहिल्या पावसात खचते, पुन्हा भर घालावी लागते.) महाबळेश्वरच्या पठारावर मात्र धो धो पाऊस सिलिकासुद्धा धुऊन नेतो. मागं लोह, ॲल्युमिनियम उरतं. तोच तांबडा जांभा.

आमच्या शिवारातल्या एकानं वरची हातभर माती वीटभट्टीला विकली. पैसे नडीला आले, पण मुरूम उघडा पडला. आता तो तिथं तलावातला गाळ आणून टाकतो. त्यासाठी २०१७ मध्ये सरकारनं योजनाही काढली. गाळ म्हणजे तरी काय, वरच्या रानांतून वाहून आलेली मातीच. हलक्या जमिनीला तो मानवतो, भारी काळ्या रानात टाकणं मला व्यर्थ वाटतं. परवा तो भेटला. किती झालं, विचारलं.

‘एकरभर झालं. अजून दोन राहिलंय.’