आधी उतरायला शिका, मग उडी मारा

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात चौथ्या दिवशी संध्याकाळी केलेल्या भाषणाचे हे लिखित रूप. अनेक पालकांनी आहाराचे आकडे पुन्हा विचारले होते, म्हणून ते येथे सविस्तर दिले आहेत.)



दरवर्षी या व्यासपीठावरून कुणीतरी विद्वान बोलतात. यंदा तुमच्यासमोर उभा आहे एक डिप्लोमावाला रेल्वे इंजिनिअर. रूळ, स्लीपर आणि खडी यांच्यातच माझे आयुष्य गेले. भाषण करणे हा माझा प्रांत नव्हे, तरी आजचा विषय मी कार्यकारिणीकडे स्वतः मागून घेतला. कारण सांगतो.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत आमचे चिरंजीव आपल्या कॉलनीतल्या सायकल स्टँडच्या छपरावरून खाली उडी मारायला गेले. उंची सुमारे आठ फूट, खाली काँक्रीट. मोबाइलवर पार्कूरचे व्हिडिओ पाहून मुलांची पैज लागली होती. पाय ताठ ठेवून तो थेट टाचांवर आदळला. टाचेचे हाड मोडले. पाऊल टेकायचे नाही म्हणून कित्येक आठवडे कुबड्या. दहावीचे वर्ष. मी खूप रागावलो, जे बोलू नये तेही बोललो. सगळे ऐकून घेऊन तो शांतपणे म्हणाला, "बाबा, उड्या मारू नको हे मला सगळ्यांनी सांगितलं. कसं उतरायचं ते कुणीच नाही सांगितलं."

मला उत्तर देता आले नाही. कारण ते मला माहीत होते. लहानपणी गावच्या तालमीत मी चार वर्षे मल्लखांब केला आहे. आमच्या वस्तादांनी पहिले कितीतरी दिवस आम्हाला खांबावर वर चढूच दिले नाही. हातभर चढायचे आणि सावकाश उतरायचे, एवढेच. "वर गेलेला प्रत्येक जण खाली येणारच आहे, कसा येतो ते बघू," असे ते म्हणत. हे शहाणपण मी स्वतःपाशीच ठेवले आणि मुलाच्या हाती मोबाइल दिला.

आता पार्कूर म्हणजे काय, हे वडीलधाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. भिंत, कठडा, जिना, खड्डा, जे वाटेत येईल ते धावत, चढत, उडी मारत, कमीत कमी वेळात आणि सुरक्षितपणे ओलांडणे म्हणजे पार्कूर. याचे मूळ फ्रान्समध्ये. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉर्ज एबेर या नौदल अधिकाऱ्याने एक व्यायामपद्धती बसवली. तिच्यात चालणे, धावणे, हातापायांवर चालणे, चढणे, उडी, तोल, उचलणे, फेकणे, पोहणे आणि स्वसंरक्षण असे दहा प्रकार होते. व्यायाम करणारा माणूस संकटात दुसऱ्याच्या उपयोगी पडावा, हा त्यामागचा विचार. पुढे रेमाँ बेल नावाचे पॅरिसच्या अग्निशमन दलातील जवान याच धर्तीवर तयार झाले, आणि त्यांचा मुलगा डेव्हिड बेल याने पॅरिसजवळच्या लिस या उपनगरात मित्रांबरोबर पार्कूरला आजचे रूप दिले. 2022 साली टोकियोत त्याची पहिली जागतिक स्पर्धाही झाली. म्हणजे हा टवाळ मुलांचा उद्योग नाही. आगीत सापडलेल्या माणसापर्यंत पोहोचण्याची विद्या त्याच्या मुळाशी आहे.

आणि आपल्याला ती परकी वाटू नये. दुसऱ्या बाजीरावांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला ऊर्जितावस्था आणली. आपण राहतो त्या मध्य प्रदेशाने तर 2013 साली मल्लखांबाला राज्याचा खेळ म्हणून मान दिला. इथे जबलपुरात राहून आपली मुले कोलांट्या मारू लागली, तर ती आपल्याच परंपरेत आहेत. फक्त वस्ताद हरवला आहे.

आता माझ्या धंद्यातले थोडे सांगतो. मालगाडीच्या एका अॅक्सलचा भार वीस टनांहून अधिक असतो. एवढा भार जमीन सोसते, कारण तो रुळावरून स्लीपरवर, स्लीपरवरून खडीत आणि खडीतून मातीत पसरत जातो. खडीचा थर 250 ते 350 मिलिमीटर ठेवतात तो उगीच नाही. ती दबते, सरकते, धक्का खाते. जिथे खडी कमी आणि सांधा बसका, तिथे प्रत्येक चाक हातोडा मारत जाते.

शरीरातही घोटा, गुडघा आणि कंबर ही आपली खडी आहे. हिशेब सोपा आहे. जितक्या उंचीवरून पडलो त्याला थांबायला लागलेल्या अंतराने भागा आणि त्यात एक मिळवा. शरीराच्या वजनाच्या तितके पट सरासरी जोर पायांवर येतो. आमचा मुलगा 50 किलोचा, छप्पर 2.4 मीटर उंच. पाय ताठ असल्यामुळे तो जेमतेम 10 सेंटिमीटरमध्ये थांबला असे धरले, तर जोर झाला 25 पट, म्हणजे 1250 किलो. तोच 60 सेंटिमीटर खाली बसत थांबला असता तर 5 पट, 250 किलो. ही सरासरी झाली, क्षणभराचा धक्का याहून मोठा असतो. उडी तीच, मुलगाही तोच, फरक फक्त उतरण्याचा. अर्थात 250 किलोही कमी नाही. म्हणून नवशिक्याने आठ फुटांवरून उडी मारायचीच नाही.

मग उतरायचे कसे? पाय खांद्यांइतके फाकवून. आधी चवडा टेकतो, मग टाच हलकेच जमिनीकडे येते. गुडघे बोटांच्या दिशेने वाकतात, आत एकमेकांकडे झुकत नाहीत. ही चूक मुलींनी आणि मुलांनी, दोघांनीही सांभाळावी. कंबर मागे, छाती किंचित पुढे, गुडघा काटकोनापलीकडे जाईपर्यंत खाली कोसळायचे नाही. जोर जास्त असेल तर हातही टेकायचे. परीक्षा एकच, आवाज. धप्प आवाज आला तर चुकले. मांजर भिंतीवरून उतरते तेव्हा कळत नाही, तसे उतरता आले पाहिजे.

पुढे धावत उडी मारली असेल तर वेग जिरवायला लोळण घ्यावी लागते. ती डोक्यावरून सरळ मारायची कोलांटी नव्हे. हात टेकून एका खांद्यावरून सुरू होऊन पाठीवरून तिरपी दुसऱ्या बाजूच्या कमरेवर संपते. कणा आणि माकडहाड जमिनीला लागत नाही. ही आधी गुडघ्यांवर बसून गादीवर, मग उभे राहून हिरवळीवर, मग चालत, मग धावत शिकायची.

आम्ही घरी ठरवलेला क्रम असा. पहिले दोन महिने फक्त तयारी. सूर्यनमस्कार, बैठका, दंड, दोरीवरच्या उड्या, लटकणे, हातापायांवर चालणे आणि मनगटांचे व्यायाम. सलग 20 बैठका आणि 10 दंड नीट निघाल्याशिवाय उडी नाही. मग जमिनीवर खडूने रेघ आखून तिच्यावर अचूक उतरणे. रेघेवर दहापैकी नऊ वेळा तोल सांभाळता आला की एक विटेची उंची, मग पायरी, मग गुडघ्याइतकी. त्यानंतर कठड्यावर एक हात आणि विरुद्ध बाजूचा पाय टेकून तो ओलांडणे. उंची वाढवायची ती महिन्यांच्या हिशेबाने.

उलटी कोलांटी, म्हणजे बॅकफ्लिप, हे सगळ्या मुलांचे स्वप्न. बहुतेकांची चूक अशी की ते मागे उडी मारतात. उडी सरळ वर मारायची असते, हात वर फेकून. सर्वांत उंच ठिकाणी पोहोचताना गुडघे छातीशी ओढले की शरीर आपोआप फिरते. डोके आधीच मागे टाकले की उंची जाते आणि माणूस मानेवर येतो. म्हणून आधी मागची लोळण, गुडघे छातीशी घेऊन उंच उड्या, मग जाड गादीवर दोन्ही बाजूंना जाणकार माणसे उभी करून. ज्याने स्वतः शिकवणी घेतलेली नाही त्याने दुसऱ्याला धरू नये. काँक्रीटवर तर कधीच नाही.

विश्रांतीबद्दल. रुळात आतल्या आत तडा जातो तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आम्ही अल्ट्रासॉनिक यंत्राने तपासतो. मुलाच्या शरीरात ते यंत्र म्हणजे दुखणे. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात, पण कंडरा आणि हाडे यांना महिने लागतात. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी कूर्चेचा मऊ पट्टा असतो. टाचेच्या मागे किंवा गुडघ्याच्या वाटीखाली दुखू लागले की उड्या बंद, आणि दुखणे राहिले तर डॉक्टर. उड्यांचा सराव आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस मोकळा. झोप आठ ते दहा तास. मोबाइल रात्री बाबांच्या खोलीत.

आता भगिनींचा विषय, आणि बंधूंचाही, कारण डाळ शिजवायला कुणाला बंदी नाही. मुले पावडरचे डबे मागतात. आधी घरातले मोजू. कसून व्यायाम करणाऱ्याला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे 1.2 ते 1.6 ग्रॅम प्रथिने पुरतात. 50 किलोच्या मुलाला 60 ते 80 ग्रॅम. दोन ग्लास दूध 16 ग्रॅम. सहा पोळ्या साधारण 18. दोन वाट्या घट्ट वरण 14. मूठभर शेंगदाणे 7, मूठभर फुटाणे 6, वाटीभर दही 5. झाले 66. अंडी खात असाल तर दोन अंड्यांचे 12 वर. मग महागडा डबा कशाला? आणि त्यात काय मिसळले आहे याची खात्री कोण देणार?

हाडांना दिवसाला सुमारे 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. दोन ग्लास दुधात 600, वाटीभर दह्यात 180, आणि 50 ग्रॅम नाचणीच्या भाकरीत आणखी 180 च्या आसपास. नाचणी इथल्या बाजारात रागी किंवा मडुआ म्हणून मागा. थोडे उन्हातही जाऊ द्या. मुलींना लोह कमी पडते, म्हणून पालेभाजी-डाळीवर लिंबू पिळा आणि जेवणाबरोबर चहा देऊ नका.

सरावाआधी दोन-तीन तास नेहमीचे जेवण किंवा पोहे. अर्धा-पाऊण तास आधी भूक लागली तर एक केळे. तळलेले नको, पोटात दगड होतो. सरावात घोट घोट पाणी, उन्हाळ्यात मीठ-साखर घातलेले लिंबाचे सरबत. नंतर तासाभरात दूध-केळे, ताक-भात किंवा शेंगदाण्याचा लाडू. एनर्जी ड्रिंक मुलांना मुळीच नको. आणि मोदक? उकडीचा मोदक म्हणजे तांदूळ, गूळ आणि खोबरे, सराव झाल्यावर खुशाल खा. सरावाआधी मात्र एकवीस नकोत.

एक गोष्ट रेल्वेचा माणूस म्हणून हात जोडून सांगतो. यार्ड, रूळ, पूल आणि डब्यांची छपरे ही खेळायची जागा नाही. तिथे शिरणे हा गुन्हा आहेच, पण वरच्या तारेत 25,000 व्होल्ट असतात. तिला हात लावावा लागत नाही, जवळ गेले तरी वीज झेप घेते. तिथे उतरण्याची कोणतीही युक्ती चालत नाही.

आता शेवटची मागणी. आमचा मुलगा बरा झाला. टाच अजून थंडीत दुखते. गेल्या वर्षापासून दर रविवारी सकाळी तो, मी आणि कॉलनीतली सात-आठ मुले-मुली मैदानावर जमतो. जुन्या गाद्या शिवून काम चालवतो, त्या आता फाटल्या आहेत. मंडळाने पुढच्या वर्षी सजावटीतून थोडे पैसे वाचवून चार जाड जिम्नॅस्टिक गाद्या घ्याव्यात, आणि महिन्यातून एकदा प्रशिक्षित शिक्षक बोलवावा. मुले उड्या मारणार हे तर ठरलेलेच आहे. आपल्या हाती एवढेच आहे की ती कुठे उतरतील.

माझे वस्ताद आज नाहीत. त्यांनी शिकवलेले मी उशिरा, आणि मुलाची टाच मोडल्यावर, पुढे दिले. तुम्ही तेवढा उशीर करू नका.



गणपती बाप्पा मोरया!