अंगझडती आणि अपील



वैशाखाच्या उकाड्यात, दिवसभराचे काम आटोपून आपण कायद्यासारखा रुक्ष विषय ऐकण्यास येथे जमलात, याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. विषय रुक्ष असला तरी परका मात्र नाही. आपल्या अँटॉप हिलच्या एका अंगाला सरकारी नोकरांच्या वसाहती आहेत, दुसऱ्या अंगाला दाट झोपडवस्ती आहे, आणि अमली पदार्थांची पुडी या दोहोंत भेद करीत नाही. मुलाला व्यसन लागले म्हणून रडणारी आई येथे आहे, तशीच मुलाला पोलिसांनी नेले म्हणून रडणारीही आहे. दोघींचेही समाधान होईल असा न्याय कोणता, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

पुष्कळ सज्जन आम्हांस विचारतात, “खिशात माल सापडला, खालच्या कोर्टाने शिक्षा दिली, मग अपील कसले? वकिलांच्या पळवाटाच ना?” शंका प्रामाणिक आहे. तिला उत्तर देण्यापूर्वी कायदा किती कडक आहे ते पाहू.

गुंगीकारक औषधे व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांविषयीचा अधिनियम १४ नोव्हेंबर १९८५ रोजी अमलात आला. ज्याला आपल्याकडे ‘एमडी’ म्हणतात त्या मेफेड्रोनचे ५० ग्रॅमहून अधिक वजन भरले की तो व्यापारी साठा ठरतो. त्याला किमान दहा वर्षे सक्तमजुरी व एक लाख रुपये दंड. कमाल शिक्षा वीस वर्षांची. शिवाय माल ताब्यात होता हे सिद्ध झाले, की त्याची समाधानकारक उलगड करण्याचा भार आरोपीवर पडतो. इतर खटल्यांत आरोपी गप्प बसू शकतो; येथे गप्प बसणे महागात पडते. म्हणूनच ‘नूर आगा’ खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की हा भार आरोपीवर टाकण्यापूर्वी मुळातील गोष्टी सरकार पक्षाने सिद्ध केल्या पाहिजेत, आणि शिक्षा जितकी कठोर, तितका पुरावाही काटेकोर हवा.

आता माल ‘सापडला’ म्हणजे काय झाले? कोणी काढला, कोणासमक्ष काढला, कोठे ठेवला? येथे कायद्याचे पन्नासावे कलम येते. ज्याची अंगझडती या कायद्याखाली घ्यावयाची, त्याला आधी सांगितले पाहिजे, की जवळच्या राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा न्यायदंडाधिकाऱ्यासमोर झडती घेतली जावी हा तुझा हक्क आहे. स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यावयाची. १९९९ साली ‘बलदेव सिंग’ खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ठरविले, की हा हक्क सांगितला नाही आणि शिक्षा केवळ त्या अंगझडतीत मिळालेल्या मालावर उभी असेल, तर ती शिक्षा टिकत नाही. २०१० साली ‘विजयसिंह जाडेजा’ खटल्यात दुसऱ्या घटनापीठाने सांगितले, की येथे साधारण पालन पुरेसे नाही, काटेकोर पालन हवे. २०१४ च्या ‘परमानंद’ निकालाने बजावले, की दोघांना मिळून एकदाच सांगणे चालत नाही. प्रत्येकाला वेगळे सांगितले पाहिजे.

अटकेनंतरच्या झडतीत गुंता अधिक आहे. समजा, वडाळ्याच्या रस्त्यावरील मारामारीसाठी एका तरुणास धरले आणि चौकीत नेहमीप्रमाणे खिसे तपासताना अकस्मात पुडी निघाली. पोलिसांना पुडीची कल्पनाच नव्हती. तेव्हा त्या क्षणापर्यंत पन्नासावे कलम लागत नाही, असे १९९४ च्या ‘बलबीर सिंग’ निकालाने म्हटले आहे. परंतु पुडीची खबर आधीच होती आणि मारामारी हे केवळ निमित्त होते, तर चित्र पालटते. म्हणून अपिलात पहिला प्रश्न असा: झडतीपूर्वी पोलिसांना काय ठाऊक होते, आणि त्याची नोंद कोठे आहे?

मात्र खोटी आशा देणे हे पाप आहे. हा हक्क अंगझडतीपुरता आहे. पिशवीला तो लागू नाही. आपल्या मुंबईतील सहार विमानतळावरच्या ‘कालेमा तुंबा’ खटल्यात हेरॉइन सामानातून निघाले होते. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने तेथे पन्नासावे कलम लावण्यास नकार दिला. खांद्यावरच्या पिशवीबाबतही २०२३ साली ‘रंजनकुमार चढ्ढा’ खटल्यात तेच ठरले. तेव्हा खिसा की पिशवी, एवढ्या फरकावर दहा वर्षे अवलंबून राहू शकतात.

दुसरी साखळी मुद्देमालाची. नमुने न्यायदंडाधिकाऱ्यासमक्ष काढले काय? लाखेची मोहोर शाबूत होती काय? पंचनाम्यातले वजन आणि प्रयोगशाळेत पोचलेले वजन जुळते काय? अपिलाचा न्यायाधीश हे कागद एकेक करून पाहतो. त्याला पळवाट म्हणणे म्हणजे सोनाराच्या तराजूला पळवाट म्हणणे होय.

अपराधी सुटणार नाही काय? कधी सुटेलही. पण ज्या ढिलाईने अपराधी सुटतो, त्याच ढिलाईने निरपराध अडकतो. पोलिसांनी नियम पाळला, तर पहिला सुटत नाही आणि दुसरा अडकत नाही.

आणि येथेच आपला संबंध येतो. घरझडतीस त्या भागातील दोन प्रतिष्ठित रहिवासी पंच असावेत, असे कायदा सांगतो. अंगझडतीलाही व्यवहारात पंच घेतात. पण हाक आली की आपण खिडकी लावून घेतो. मग तेच ते ठरीव पंच येतात, न पाहिलेल्या कागदावर सही करतात आणि कोर्टात फिरतात. पंच फिरला म्हणजे खटला बुडालाच असे नव्हे. केवळ पोलिसांच्या विश्वसनीय साक्षीवरही शिक्षा होऊ शकते. पण सत्य डोळ्यांनी पाहणारा नागरिक तेथे नसतो, ही हानी भरून निघत नाही. १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेने झडतीचे दृक्‌श्राव्य चित्रण सांगितले आहे. पण यंत्राला उलटतपासणीत प्रश्न विचारता येत नाहीत.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. विशेष न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध अपील उच्च न्यायालयात, साठ दिवसांच्या मुदतीत करावयाचे असते. कैद्याला ते तुरुंगाच्या अधिकाऱ्यामार्फत पाठविता येते, आणि वकील करण्याची ऐपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून तो विनामूल्य मिळतो. लाजेने घरात बसून मुदत घालवू नका. मुदत टळल्यावर विलंबाची कारणे पटवीत बसावे लागते.

उद्या आपल्या दाराशी पंच म्हणून हाक आली, तर अवश्य जा. जे दिसेल तेच लिहू द्या, वाचून मगच सही करा, आणि कोर्टात तेच सांगा. मुलाच्या व्यसनाने पोळलेली आई आणि मुलाच्या अटकेने हादरलेली आई, या दोघींचेही आपण तितके देणे लागतो.