रिकामी खोली चालविण्याविषयी



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून उन्हाळ्यातील संध्याकाळी मोठमोठ्या विषयांवर बोलण्याची आणि ते ऐकण्याची सवय महाराष्ट्राला लागली. आमचा विषय त्या मानाने अगदीच लहान, म्हणजे एका खोलीएवढा आहे. नगर जिल्ह्यात (२०२४ पासून ज्याला अहिल्यानगर म्हणतात तोच हा जिल्हा) एका तालुक्याच्या गावी चर्चच्या आवारात जुन्या बोर्डिंगची कोठी आहे. मुलांचे बोर्डिंग केव्हाच बंद पडले. धान्याच्या पोत्यांचा वास तेवढा भिंतींना राहिला. ही कोठी आम्ही दोघे-चौघे मिळून तरुणांसाठी रोज संध्याकाळी सहा ते नऊ उघडी ठेवतो. दारावर 'ख्रिस्ती तरुण केंद्र' अशी पाटी आहे, पण येणारे तिला नुसते 'खोली' म्हणतात.

या खोलीला सभासद नाहीत, वर्गणी नाही, हजेरीपट नाही. यावे, वाटेल तितका वेळ बसावे आणि उठून जावे. दोन कॅरम बोर्ड, एक पेटी, एक तबला, वर्तमानपत्र, पिण्याचे पाणी आणि फोनला वीज देण्यासाठी चार जागा एवढी तिची दौलत. मावा, तंबाखू आणि दारू दाराबाहेर, हा एक नियम. कोणाची आई-बहीण तोंडात आणायची नाही, हा दुसरा. तिसरा अजून सुचलेला नाही.

मंडळीच्या पंचांना हे समजावून सांगताना आमची पुरेवाट झाली. "तेथे चालते काय?" असे ते विचारीत. "काही नाही" हे त्याचे खरे उत्तर. पण ज्या संस्थेत काही चालत नाही तिला विजेचे बिल का द्यावे, हा त्यांचा पुढचा प्रश्न असे आणि तो वावगा नव्हता.

खरे पाहता अशी जागा आपल्याला नवी नाही. गावोगावी तालीम होती, पार होता, मारुतीच्या देवळाचा ओटा होता. तालमीत जाणारा प्रत्येक पोरगा काही मल्ल होत नसे. पुष्कळसे नुसते लाल मातीच्या कडेला बसून राहत, आणि वस्ताद त्यांच्याकडे न पाहिल्यासारखे करून पाहत असे. आता पाराच्या जागी रिक्षाथांबा आहे, आणि बाकी जी जागा राहिली ती पानटपरीची. टपरीवर बसायला पैसे पडतात, आणि तेथे वस्ताद नसतो.

ख्रिस्ती लोकांतही ही कल्पना जुनी आहे. लंडन शहरात कापडाच्या एका मोठ्या दुकानात जॉर्ज विल्यम्स नावाचा तरुण नोकरीस होता. खेड्यांतून आलेली पोरे दिवसभर दुकानात राबत आणि रात्री त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर झोपत. काम संपल्यावर त्यांना जायला गुत्ता किंवा रस्ता. विल्यम्सने आणि त्याच्या सोबत्यांनी तेथल्याच एका खोलीत एकत्र बसून प्रार्थना आणि शास्त्रवाचन सुरू केले. त्यातून ६ जून १८४४ रोजी जी संस्था निघाली ती म्हणजे वाय. एम. सी. ए. अवघी बारा माणसे होती. तेरा वर्षांनी, १८५७ साली, ती कलकत्त्यास पोहोचली, आणि रानड्यांची व्याख्यानमाला निघाली त्याच १८७५ साली मुंबईस. पुढे १८९१ साली अमेरिकेत स्प्रिंगफील्डच्या त्यांच्या शाळेत हिवाळ्यात कवायतीला कंटाळलेल्या तरुणांना काय द्यावे, या विवंचनेतून जेम्स नेस्मिथने सज्जाला फळांच्या टोपल्या टांगल्या आणि बास्केटबॉल निघाला. धर्मसंस्थेने जगाला दिलेल्या देणग्यांत हा खेळ कोणी मोजीत नाही, आम्ही मोजतो.

इंग्लंडमध्ये महायुद्धानंतर हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. १९५९ साली पूर्व लंडनमध्ये चर्चच्या आश्रयाने 'फिफ्टीनाइन क्लब' निघाला आणि १९६२ साली बिल शेरगोल्ड या पाळकाने मोटारसायकलवाल्या पोरांना, ज्यांना लोक सरसकट गुंड समजत, त्यांच्या फटफटींसह उपासनेला बोलावले. तो स्वतः फटफटीवर बसे. यापुढे त्याची पात्रता आम्ही विचारणार नाही.

आता आमच्या कामाचा गाभा सांगतो. तो म्हणजे बसणे. खोलीत रोज एक वडील माणूस हवा, आणि त्याने शक्यतो काही करू नये. उपदेश करू नये, हे तर झालेच. पण फार उत्साहाने खेळूही नये. दोन वर्षांपूर्वी एक पोरगा रोज येऊन एकटाच कॅरम खेळे. रांजणगावच्या कारखान्यात कंत्राटावर लागला होता. कंत्राट संपून परत आला होता. तीन संध्याकाळ तो बोलला नाही. फोन वाजला की बाहेर जाई आणि आत येताना त्याचे तोंड उतरलेले असे. आमच्यापैकी जो बसला होता त्याने विचारले नाही. चौथ्या दिवशी सोंगट्या गोळा करता करता तो म्हणाला, "काका, माझे फोटो माझ्या मावशीला पाठवलेत." फोनवरच्या क्रिकेटच्या पैजेत त्याने पैसे घालविले होते, ते भरून काढायला फोनवरूनच कर्ज काढले होते, आणि वसुलीवाले आता त्याच्या फोनमधील सगळ्या नातलगांना बदनामीचे निरोप धाडीत होते. त्या रात्री आम्ही १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदविली आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेलो. मावशीकडेही गेलो, ते पोलीस ठाण्यापेक्षा अवघड होते. पैसे लावून खेळण्याचे हे फोनवरचे खेळ २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायद्याने बंद केले, हे चांगलेच झाले. पण कायदा दिल्लीत होतो आणि तोंड उतरते ते गावात. ते दिसायला कोणी समोर बसलेला लागतो. तीन संध्याकाळ आमच्या खोलीत 'काही चालले' नव्हते, असेच पंचांच्या वहीत आहे.

आम्हाला नेहमी दोन आकडे विचारले जातात. मदत देणारे विचारतात, "रोज किती येतात?" आणि गावातील काही गृहस्थ विचारतात, "आजवर किती बाटवले?" पहिल्याचे उत्तर, पाच ते तीस, परीक्षा, पाऊस आणि क्रिकेटचा सामना यांवर ते अवलंबून. दुसऱ्याचे उत्तर, एकही नाही. पण नुसते उत्तर देऊन संशय जात नाही, कारण आमच्याकडे येणाऱ्यांत निम्म्याहून अधिक मुले हिंदू, बौद्ध आणि मुसलमान असतात. आमच्या हितचिंतकांनी सुचविले की पाटीवरचा 'ख्रिस्ती' शब्द काढून टाका. आम्ही तो काढला नाही. राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने आम्हाला आमचा धर्म उघडपणे पाळण्याचा अधिकार दिला आहे. मग तो लपवून का पाळावा? जो लपवितो त्याचाच संशय यावा, हे रास्त आहे. नऊ वाजता आम्ही दोन मिनिटे प्रार्थना करतो. ज्याला थांबायचे तो थांबतो, बाकीचे तेवढ्यात स्टुले आत ठेवतात. प्रार्थनेपेक्षा स्टुलांना माणसे जास्त मिळतात, आणि त्यात ख्रिस्ती पोरेही असतात, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

या बाबतीत आम्हाला आधार वाटतो तो रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने १९१७ साली साताऱ्यास 'देवाचा दरबार' काढला, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना जागा ठेवली. टिळक १९१९ साली वारले आणि दरबार फार चालला नाही. आमची खोली त्याहूनही सैल आहे. तिच्यात भक्त असण्याचीसुद्धा अट नाही.

ख्रिस्ती पोरांची एक अडचण मात्र त्यांची स्वतःची आहे आणि ती आमच्या टेबलावर दर जूनमध्ये येते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्या मिळाल्या. ख्रिस्ती झालेल्यांना नाहीत. आमच्याकडे त्यांची गणना इतर मागासवर्गात होते. म्हणून एकाच आजोबांची दोन नातवंडे एकाच खोलीत बसून दोन वेगळे दाखले भरतात. त्यांतला एक त्या दिवशी दुसऱ्याशी कॅरम खेळत नाही. आम्ही दोघांचेही अर्ज तपासून देतो. घरात जे बोलता येत नाही ते पुष्कळदा अर्जाच्या निमित्ताने बोलले जाते.

आता मुलींचे. पहिले वर्षभर एकही मुलगी आली नाही. दार सर्वांना उघडे होते, असे आम्ही सांगत असू, आणि ते खरेही होते. पण 'काही नाही, नुसती बसायला जाते' असे घरी सांगून मुलगा बाहेर पडतो, मुलगी पडू शकत नाही. तिला कारण लागते. पूर्वी ते कारण पाणवठा हे होते. हंडा घेऊन गेलेली मुलगी तासभर विहिरीवर बोलत उभी राहिली तरी कोणी विचारीत नसे. नळ घरात आला, हे उत्तमच झाले, पण तो तास गेला. शेवटी मंडळीतील एका वृद्ध शिक्षिकाबाईंनी युक्ती काढली. त्यांनी आपले शिवणयंत्र खोलीत आणून ठेवले आणि शनिवारी दुपारी 'शिवणवर्ग' जाहीर केला. पंधरा मुली आल्या. यंत्र एकच. एक शिवते आणि चौदा जणी बोलतात. बाईंनी अजून कोणाला काज करायला शिकविलेले आमच्या पाहण्यात नाही, पण घरी नेऊन दाखवायला एकेक पिशवी मात्र प्रत्येकीची तयार होते. सगळ्या पिशव्या एकाच हातच्या असाव्यात असा आम्हाला दाट संशय आहे.

गेल्या वर्षी पंचांनी ठराव आणला की खोली बंद करून तेथे स्पर्धा परीक्षांसाठी अभ्यासिका काढावी, महिना फी घ्यावी. विरोध करणे सोपे नव्हते. पोलीस भरतीची आणि लोकसेवा आयोगाची तयारी करणारी पोरे घरात दोन खोल्यांत पाच माणसे असताना अभ्यास कोठे करणार? पण परीक्षेला बसणाऱ्या शंभरांतून फार थोडे निवडले जातात, हे सर्वांना ठाऊक आहे. उरलेल्यांना अभ्यासिका काय देणार? शिवाय फी आली की हजेरी येते, आणि हजेरी आली की ज्याचे नाव कोठेच नाही तो दाराशीच थबकतो. तीन सभा झाल्या, आवाज चढले, एक राजीनामा आला आणि परत घेतला गेला. अखेर सकाळी सात ते सायंकाळी सहा अभ्यासिका आणि सहानंतर खोली, असे ठरले. अभ्यासिकेच्या फीतून विजेचे बिल निघते. सहाच्या ठोक्याला पुस्तके मिटतात आणि तीच पोरे कॅरमला बसतात, तेव्हा भांडण नेमके कशावरून झाले होते असा प्रश्न पडतो.

राहता राहिला प्रश्न बसणाऱ्यांचा. आमची वये झाली. रोज तीन तास स्टुलावर बसणे पाठीला सोसत नाही. पूर्वी येणारे पुष्कळसे चाकण-पुण्याकडे गेले. जे गावात राहिले त्यांतील दोघांनी मंगळवार आणि शुक्रवार घेतला आहे. त्यांतला मंगळवारचा मुलगा ख्रिस्ती नाही. चर्चच्या आवाराची किल्ली त्याच्याकडे द्यावी की नाही, यावर पंचांची चर्चा दोनदा झाली आणि दोन्ही वेळा पुढच्या सभेवर ढकलली गेली. ठराव अजून व्हायचा आहे. तोवर मंगळवारी सहाला दार तोच उघडतो.