काजरा, काकमारी आणि मेंदूचा लगाम

बेळगावहून खानापूरच्या वाटेने निघाले की उघडा माळ मागे पडतो आणि सह्याद्रीचे रान सुरू होते. त्या रानात काजऱ्याचे झाड आढळते. त्याचे फळ नारिंगी, गुळगुळीत आणि डोळ्यांत भरणारे असते. आत गुंडीसारख्या चपट्या, रुपेरी लव असलेल्या बिया. मराठी माणूस त्याला काजरा म्हणतो, कानडी माणूस कासरक; वैद्याच्या पेटीत त्याचाच कुचला होतो. सह्याद्रीच्याच रानांत काकमारीची वेल चढते. तिची फळे कुटून पाण्यात टाकली की मासे गुंगून वर येतात, ही युक्ती रानाकाठच्या लोकांना पूर्वापार ठाऊक आहे. श्रोतेहो, मेंदूला लगाम एक नसून अनेक आहेत, या गोष्टीचा माग शास्त्रज्ञांना लागला तो बऱ्याच अंशी या दोन विषांमुळे.

मज्जापेशी एकमेकींना उत्तेजन देतात, तशाच एकमेकींना आवरतातही. हे आवरणे नसते तर मेंदूचा कारभार क्षणभरही चालता ना. आवरणारी पेशी एक रासायनिक द्रव्य सोडते. ते शेजारच्या पेशीवरील ग्राही नावाच्या प्रथिनावर, कुलपात किल्ली बसावी तसे बसते. ग्राहीचे दार उघडते, क्लोराइडचे कण आत शिरतात आणि पेशी शांत होते.

काजऱ्यातील स्ट्रिकनिन हे विष 1818 साली फ्रान्समध्ये पेल्तिए व कावांतू यांनी वेगळे केले. ते पोटात गेलेल्या माणसाला किंचित स्पर्श झाला, दार जरा वाजले, तरी सर्वांग धनुष्यासारखे ताठते. आणि यातले क्रौर्य असे की शुद्ध मात्र बहुधा शेवटपर्यंत शाबूत राहते. काकमारीच्या विषाचे, पिक्रोटॉक्सिनचे, तसे नाही. त्याने अपस्मारासारखे झटके येतात व भान हरपते. दोन्ही विषे लगाम तोडणारीच. मग परिणामांत एवढा फरक का?

उत्तर असे की लगाम निराळे आहेत. मज्जारज्जूत व मेंदूच्या देठात आवरण्याचे काम मुख्यत्वे ग्लायसिन हे द्रव्य करते, आणि स्ट्रिकनिन त्याच्याच कुलपात अडकून बसते. वरच्या मेंदूत हे काम गॅमा-अमिनोब्युटिरिक आम्लाकडे, संक्षेपाने ‘गाबा’कडे आहे. मेंदूत ते मुबलक असल्याचे 1950 साली अमेरिकेत यूजीन रॉबर्ट्स व सॅम फ्रँकेल यांनी दाखविले. पिक्रोटॉक्सिन गाबाच्या दारालाच बूच मारते. (धनुर्वाताचे रूप काजऱ्याच्या विषबाधेसारखे दिसते खरे, पण त्याचे विष कुलपाला हात न लावता किल्लीच बाहेर पडू देत नाही.)

1987 साली या दोन्ही ग्राहींची घडण उलगडली, तेव्हा एक नाते उघड झाले. निपाणीच्या तंबाखूतील निकोटीन ज्या ग्राहीवर बसते, तोही याच कुळातला! तिन्ही पाच पाकळ्यांच्या फुलासारखे, मधोमध दार असलेले. फरक इतकाच की निकोटीनच्या दारातून प्रामुख्याने सोडियम आत येतो आणि पेशी शांत होण्याऐवजी चेतते.

गाबाच्या या ग्राहीच्या पाकळ्या सस्तन प्राण्यांत 19 प्रकारच्या आहेत. त्यांतून पाच-पाच निवडून मेंदूच्या भागाभागांत निरनिराळी कुलपे घडतात. शिवाय गाबाचा एक अगदी वेगळा ग्राही आहे. त्याला स्वतःचे दार नाही, तो पेशीच्या आत निरोप धाडून दुसरी दारे हलवितो. बॅक्लोफेन हे स्नायूंची ताठरता घालविणारे औषध त्याच्यावर चालते.

हा तपशील केवळ पंडितांसाठी नाही. 1963 साली बाजारात आलेले डायझेपाम घेतले की भीती निवते, पण झोपही येते. दोन्ही गोष्टी एकाच कुलपामुळे होत असतील असे वाटणे साहजिक होते. झुरिच येथे उंदरांच्या एका प्रकारच्या पाकळीत जरासा बदल केला, तेव्हा 1999 साली असे दिसले की औषधाने येणारी गुंगी गेली, भीती निवण्याचा गुण मात्र उरला. पुढच्याच वर्षी दुसरी पाकळी बदलली, तर भीती निवेना. भीती घालवील पण झोप आणणार नाही असे औषध शोधण्याचा खटाटोप तेव्हापासून चालू आहे. यश मात्र बेताचेच आले आहे.

काही अर्भकांच्या ग्लायसिन-ग्राहीतच जन्मतः दोष असतो. 1993 साली त्याचे जनुक सापडले. असे मूल भांडे पडले, नाकाला बोट लागले, तरी दचकून लाकडासारखे ताठ होते आणि प्रसंगी त्याचा श्वासही अडतो. त्याला बहुधा क्लोनाझेपाम देतात. ते बिघडलेल्या ग्लायसिनच्या कुलपाला काहीच करीत नाही. शेजारचे गाबाचे कुलूप मात्र अधिक सैल करते, आणि मूल पुष्कळदा सैलावते.